पाणी येऊन गेल्यावर आलेली बातमी

मागे एका गुरुवारी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पाणी आलं नाही. पुण्यात राहणाऱ्याला यात नवल काही नाही, दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ही इथली जुनी पद्धत, आदल्या दिवशी पेपरात येतं, लोक बुधवारी रात्री पिंप भरून ठेवतात, विषय संपला. पण त्या बुधवारी आमच्या मजल्यावर एकानेही पिंप भरलं नाही. सकाळी सातला समोरच्या काकू रिकामी कळशी घेऊन दारात, "अरे, तू पेपरात होतास ना? मग तुला कसं कळलं नाही?"

मी पेपरात होतो हे खरंय, अकरा वर्षं, डेस्कवर उपसंपादक. आता नाहीये, आणि घरचा पेपर बंद करूनही दोन वर्षं झाली होती, फोनवर सगळं येतंच की असं म्हणून. म्हणून मग फोन उघडून वर-खाली सरकवत बसलो. बिबट्याचा व्हिडिओ होता, नवीन मिसळीचं दुकान होतं, शाळेतल्या एका मित्राचा ट्रेकचा फोटो होता, पाण्याचं काही नाही. आणि शुक्रवारी सकाळी, पाणी येऊन, भांडी घासून, आंघोळी उरकल्यावर, फीडमध्ये, म्हणजे फोनवर एकाखाली एक सरकत येणाऱ्या पोस्टींच्या रांगेत, सगळ्यात वर काय, तर "गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद". खाली तीनशेच्या वर कमेंटी, सगळ्या आदल्या दिवशी वैतागलेल्या लोकांच्या.

काकूंचं म्हणणं फोन बिघडलाय. तर फोन बिघडला नव्हता, फीड त्याचं काम चोख करत होतं. ते काम नेमकं काय आणि पेपरच्या कामाशी त्याचा संबंध काय हे त्यांना सांगता सांगता दोन कप चहा झाला. तेच इथे लिहितोय, जरा सविस्तर.

आधी पेपरचं पान कसं लागतं ते सांगतो. संध्याकाळी मीटिंग होते, लीड (सगळ्यात मोठी बातमी) काय, अँकर (पानाच्या तळाची ठळक बातमी) काय, कुठली बातमी पहिल्या पानावर आणि कुठली आत, यावर भांडणं होतात (खरंच होतात, आवाज चढतात). मग बातम्या येत राहतात, डेस्कवाला कापतो, हेडिंग देतो, पान लागतं, आणि ठरलेल्या वेळेला पान छपाईला सोडायचं म्हणजे सोडायचं. बाहेरगावची डाक आवृत्ती आधी सुटते, शहराची सगळ्यात शेवटी. पाणी बंदची बातमी ही डेस्कवरची सगळ्यात कंटाळवाणी बातमी, नुसती भागांची यादी. सिंगल कॉलम. पण ती यादी आम्ही दोघं मिळून वाचायचो, एक मोठ्याने वाचणार आणि दुसरा मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघणार, कारण एक पेठ जरी सुटली तरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. कोणी लाइक करत नाही त्या बातमीला. कोणी कात्रण काढून ठेवत नाही. तरी ती जागेवर असते, कारण कोणीतरी ठरवलेलं असतं की ही माहिती लोकांना लागणार आहे, त्यांना ती आवडते की नाही हा प्रश्नच नाही.

आणि पान एकदा सुटलं की ते सगळ्यांना सारखं. काकूंना जे पान एक तेच मला, तेच खालच्या दुकानदाराला. तुम्हाला लीड पटली नाही तर शिव्या घाला, पण सगळे एकाच पानाला शिव्या घालताय.

दुसरी एक गोष्ट पेपरात असते जी कोणी वाचत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छापलं कुठे. ती शोभेला नाही. इंग्रजांच्या १८६७ च्या कायद्यापासून नावं छापायचं बंधन आहे, त्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा आला. म्हणजे छापलेल्या प्रत्येक शब्दाच्या मागे पकडता येईल अशी एक मान असते. पुण्याला हे कोणी वेगळं सांगायला नको. ४ जानेवारी १८८१ ला केसरी निघाला, आगरकर पहिले संपादक, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांवर छापलेल्या मजकुरापायी टिळक आणि आगरकर दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. नंतर दोघांचं आपसात बिनसलं तर आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढला. कोणाशी भांडतोय ते माहीत होतं, भांडायला नाव-पत्ता होता.

आता फीड.

फेसबुकने न्यूज फीड आणलं सप्टेंबर २००६ मध्ये. त्याआधी मित्राचं काय चाललंय ते बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागायचं, एकेकाच्या दारात जाऊन डोकावल्यासारखं. फीडने सगळ्यांचं सगळं एका जागी आणून ओतलं. लोक भडकले, ही काय पाळत ठेवताय का म्हणून, आणि विरोधाच्या ग्रुपमध्ये काही दिवसांत लाखो जण जमले. गंमत ही की ते ग्रुप इतक्या झटपट पसरले ते त्याच फीडमुळे. कंपनीने काय ते हेरलं आणि फीड राहिलं. यात न्यूज हा शब्द आला तो मित्रांच्या बातम्या अशा अर्थाने, कोणाचं लग्न ठरलं, कोण गोव्याला गेलं. पेपरच्या बातम्या नंतर घुसल्या. आणि २०२२ मध्ये कंपनीने नावातून न्यूज काढूनच टाकलं, आता नुसतं फीड.

सुरुवातीला हिशोब सोपा होता. २०१० मध्ये कंपनीनेच लोकांना सांगितलेलं सूत्र तीन गोष्टींचं होतं : पोस्ट टाकणाऱ्याशी तुमची जवळीक किती, पोस्टचं वजन किती म्हणजे लाइक आहे की कमेंट आहे की फोटो आहे, आणि ती किती ताजी आहे. पुढे मशिन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाने स्वतःच अंदाज बांधायला शिकणं, आलं आणि तीनाच्या जागी खंडीभर गोष्टी आल्या. पण मूळ कल्पना तीच आहे आणि ती अवघड नाही. समजा तुम्ही फोन उघडलात. तुम्ही जोडलेले लोक, पेजेस, ग्रुप मिळून तुम्हाला दाखवता येतील अशा पोस्टी भरपूर पडलेल्या असतात, २०१३ मध्ये फेसबुकने हा आकडा दर वेळेला सरासरी १५०० सांगितला होता. त्यातली प्रत्येक पोस्ट उचलून सिस्टिम अंदाज बांधते की हा माणूस यावर थांबेल का, लाइक करेल का, भांडेल का, पुढे पाठवेल का. प्रत्येक शक्यतेला मार्क. मार्कांची बेरीज. बेरजेप्रमाणे रांग. संपलं. पुढच्या वेळी फोन उघडलात की पुन्हा नवी रांग.

इथे काकूंनी मला थांबवलं आणि विचारलं, "मग मार्क कोण देतं?" बरोब्बर प्रश्न. कशाला किती मार्क हे कंपनीतली माणसं ठरवतात. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या तिथल्याच माजी कर्मचारी बाईंनी आतली कागदपत्रं बाहेर आणली त्यातून कळलं, की २०१७ पासून रागाच्या किंवा रडक्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. म्हणजे तुम्ही चिडून लाल तोंड दाबलंत की ती पोस्ट अंगठ्याच्या पाचपट चांगली असा अर्थ लागत होता. नंतर रागाचं वजन कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. लक्षात घ्या, हा सुद्धा संपादकीय निर्णयच झाला, आमच्या मीटिंगमध्ये व्हायचा तसाच, फक्त त्या मीटिंगला कोण बसलं होतं हे तळाच्या ओळीत छापलेलं नाही.

आता पाणी बंदची बातमी या हिशोबात घालून बघा. बुधवारी दुपारी कुठल्या तरी बातमीच्या पेजवर ती टाकली असणार. नुसती यादी. कोण लाइक करणार? मार्क शून्याच्या आसपास, बिबट्या शंभर पावलं पुढे. मग गुरुवार उजाडला, नळ कोरडे, लोकांनी ती पोस्ट शोधून काढली आणि तिच्यावर राग काढला, एकमेकांना टॅग केलं, टँकरवाल्यांचे भाव टाकले. कमेंटी वाढल्या तसे मार्क वाढले, आणि शुक्रवारी पोस्ट माझ्या दारात. माझ्या पाण्याचा यात कुठेच विचार नाही, ज्यावर लोक थांबतायत त्यावर हाही थांबेल एवढाच अंदाज, आणि बघा ना, थांबलोच की मी.

आमच्या गल्लीत पेपर टाकणारा पोरगा होता, पहाटे चौकात बसून पुरवण्या घालून सायकलवर निघायचा. त्याने कधी पेपर उघडून ठरवलं नाही की या काकूंना राजकारण नको, यांचं पान एक काढून घेऊ आणि सिनेमाची पुरवणी वर लावू. त्याचं काम टाकणं. फीड हा असा पेपरवाला आहे जो शहरातले सगळे पेपर फाडतो, त्यात लोकांची खाजगी पत्रं आणि दुकानांची पँप्लेटं मिसळतो, आणि प्रत्येक दारात वेगळा गठ्ठा टाकतो, कशाला किती वेळ लावलात ते खिडकीतून बघून. आणि पैसे? तुमच्याकडून घेत नाही. गठ्ठ्यात मध्ये मध्ये जाहिराती घातलेल्या असतात, गठ्ठा जितका वेळ तुमच्या हातात तितक्या जाहिराती तुमच्या डोळ्यांसमोर.

आणि पेपर काढणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच, आपणहून त्याला गठ्ठे नेऊन दिले. का दिले ते समजायला पेपरचा धंदा बघावा लागतो. तुम्ही अंकाला जे चार-सहा रुपये देता त्यात कागद आणि छपाईसुद्धा धड निघत नाही, पेपर चालतो जाहिरातीवर. त्यातल्या छोट्या जाहिराती, वधू-वर, जागा भाड्याने, नोकरी, या आधीच वेगवेगळ्या साइटवर निघून गेल्या होत्या. तरुण वाचक फोनवर. मग सगळे म्हणाले फेसबुकवर जाऊ, लोक तिथे आहेत. लिंक टाकली की हजारो लोक साइटवर यायचे, फुकटात, स्वर्गच. मग २०१५ मध्ये इन्स्टंट आर्टिकल्स आलं, म्हणजे लेख अ‍ॅपच्या आतच उघडणार, तुमच्या साइटवर येण्याचा त्रासच नको, पेपरवाला म्हणाला छापखानाही माझ्याच अंगणात लावा. (ते २०२३ मध्ये बंद झालं.) त्याच सुमाराला व्हिडिओ करा, व्हिडिओ करा अशी हाकाटी झाली, जगभर न्यूजरूममध्ये लिहिणारे कमी करून कॅमेरेवाले घेतले गेले. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा आकडा दोन वर्षं फुगलेला होता, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना सरासरीत धरलंच नव्हतं. वर्गात नापास झालेल्यांना वगळून वर्गाची सरासरी काढल्यासारखं झालं हे.

मग जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्गने जाहीर केलं की आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टी जास्त दाखवणार, फीडमध्ये बातम्या साधारण ५ टक्के आहेत त्या ४ टक्क्यांवर येतील. काकूंना हा आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, "पाचच टक्के? मग एवढं काय धरून बसलात?" बाहेरच्याला ते दिसायला एवढंसंच दिसतं. फेसबुकसाठी बातमी म्हणजे कोशिंबीर, ताटात असली तर बरी. पेपरच्या वेबसाइटसाठी मात्र अर्धा वाचक त्याच दारातून यायचा, असं कित्येक ठिकाणी झालेलं.

आमच्या डेस्कवर याचा परिणाम काय झाला ते जवळून बघितलंय. शेवटची चार वर्षं मी वेब डेस्कला होतो. भिंतीवर एक स्क्रीन, त्यावर कुठली बातमी किती लोक वाचतायत ते चालू. धरणाच्या साठ्याची बातमी अकरा माणसं, कुठल्याशा नटीच्या साडीची नऊ हजार. साहेब काही बोलायचे नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघायचे. मग हेडिंग बदलायचं. "खडकवासला साखळीत इतके टक्के साठा" याचं व्हायचं "पुणेकरांनो, ही बातमी वाचलीत का?" लाज वाटायची, खोटं कशाला बोलू, पण वाचणारे अकराचे चारशे व्हायचे, आणि हेडिंगमध्ये टक्का दिला तर लोक हेडिंग वाचून निघून जायचे. म्हणजे चांगलं हेडिंग देणं, ज्यात वाचकाला एका ओळीत सगळं कळतं, ते आम्ही वर्षानुवर्षं शिकलेलं काम तोट्याचं ठरलं. तुम्ही बातम्यांच्या पेजवर "लिंक पहिल्या कमेंटमध्ये" असं बघत असाल ना, तेही यातूनच. अ‍ॅपला तुम्ही बाहेर जायला नको असता, त्यामुळे लिंकवाली पोस्ट मागे पडते असा पेजवाल्यांचा अनुभव, मग पोस्टमध्ये फोटो आणि बातमी लपवलेली कमेंटीत. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये लिंकखालचं हेडिंगच काढून टाकलं होतं, नुसता फोटो, बातमी कशाची ते ओळखा.

काही देशांनी म्हटलं, आमच्या पेपरांच्या मजकुरावर तुम्ही धंदा करता तर पैसे द्या. ऑस्ट्रेलियात असा कायदा येत होता तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकने देशभरात बातम्याच बंद केल्या, आणि त्या झपाट्यात हवामान खात्याचं आणि आरोग्य खात्यांचीही पानं गेली, आठवड्याभराने तडजोड झाली. कॅनडाने २०२३ मध्ये कायदा केला, तिथे गुगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं आणि मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, ऑगस्टपासून बातम्यांच्या लिंका बंद केल्या. त्याच महिन्यात तिकडे वणवे पेटले, यलोनाइफ नावाचं वीसेक हजार वस्तीचं गाव रिकामं करावं लागलं, आणि लोकांना एकमेकांना बातमीची लिंक पाठवता येईना, स्क्रीनशॉट काढून पाठवत होते. आपल्याकडे असा कायदा नाही. डिजिटल पेपरांच्या संघटनेने गुगलविरुद्ध तक्रार केली त्यावर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला, इतपत.

जबाबदारीचं म्हणाल तर आपल्या आयटी कायद्याचं ७९ वं कलम आहे, त्यात मधल्या माणसाला संरक्षण आहे, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल काही अटी पाळल्या तर त्याला धरत नाहीत. पोस्टमनला पत्रातल्या मजकुरासाठी पकडत नाही तसं. मला व्यक्तिशः हे पोस्टमनचं नातं आता ओढूनताणून लावल्यासारखं वाटतं, कुठलं पत्र कोणाला आधी द्यायचं हे ठरवणारा कसला पोस्टमन, पण मी वकील नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र वेगळं आहे, लोक सगळं एकात घालतात. तिथे रांग लावणारं कोणी नाही, जे आलं ते आल्या क्रमाने, तिथे पेपरवाले आपणच. ते जास्त सुरक्षित असं अजिबात नाही, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने मारलं त्यामागे असल्याच फिरणाऱ्या अफवा होत्या, आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली.

एक गोष्ट मला डेस्क सोडल्यावर लक्षात आली, आधी कधी विचारच केला नव्हता. पेपरच्या बातमीत आम्ही "आज", "गुरुवारी", "काल रात्री" असं बिनधास्त लिहितो, तारीख लिहीत नाही. कारण तारीख पानाच्या डोक्यावर छापलेली असते, ती त्या पानावरच्या प्रत्येक वाक्याची तारीख. फीड बातमी पानातून उपटून आणतं आणि डोकं तिकडेच राहतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग वाढवत वाढवत ३५ हजार क्युसेकवर नेला होता. आकडा तासातासाला बदलत होता, आणि माझ्या फीडमध्ये रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा, दुपारचा आकडा आणि कुठल्या तरी जुन्या वर्षीचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा व्हिडिओ, सगळे एका रांगेत, लोकप्रियतेप्रमाणे. पोस्टखाली "५ तास" असं फिक्कट अक्षरात असतं म्हणा, बघतो कोण. पोस्ट कधी टाकली ते त्यावरून कळतं, व्हिडिओ कधीचा ते नाही.

तर काकूंच्या टोमण्यानंतर मी पेपर पुन्हा सुरू केला. एका बुधवारी पाणी बंदची सिंगल कॉलम दिसली, आमच्या भागाचं नाव होतं, ताबडतोब फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नीट वाचता यावा म्हणून आजूबाजूचं सगळं कापून नुसती बातमी ठेवली. चौदा अंगठे आले. सगळ्यांनी पाणी भरलं, मी हिरो.

तीन आठवड्यांनी, बुधवारी संध्याकाळी, तोच फोटो शेजारच्या सोसायटीतल्या कोणाच्या तरी मार्फत परत आमच्याच ग्रुपवर आला, डोक्यावर "फॉरवर्डेड" असं लिहिलेलं. बातमीत म्हटलेलं "गुरुवारी". मी तेव्हा नाशिकला होतो, बघितला नाही. सगळ्या मजल्यांवर रात्री अकरापर्यंत बादल्या, पिंपं, कुकरसुद्धा भरले. गुरुवारी पाणी दिवसभर आलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी घरी पोचलो तर काकू दारातच.

"तो फोटो तूच कापला होतास ना रे?"

"हो काकू."

"मग ये आता, गॅलरीतला ड्रम रिकामा करायला हात लाव."